एक लिटर हवेतला एक कण

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. वाक्य खोटे नाही. पण त्यात एक अट न सांगता गृहीत धरलेली आहे. बर्फ शून्य अंशाला वितळतो हे नेहमीच खरे. पाणी शून्य अंशाला गोठते हे मात्र त्याला गोठण्यासाठी कशाचा तरी आधार मिळाला तरच खरे. असा आधार नसेल तर शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब शून्याच्या कितीतरी खाली पाणीच राहतो. उणे ३८ अंशांच्या सुमारास कुठे त्याचा निरुपाय होतो. शून्याखाली उतरूनही न गोठलेले पाणी फॅरनहाइटने पाहिले आणि १७२४ साली प्रसिद्ध केले, म्हणजे ही गोष्ट काही नवी नव्हे. आकाशातले असंख्य ढग या अतिशीत पाण्याचे बनलेले असतात. उणे दहा, उणे पंधरा अंशांत तरंगणारे कोट्यवधी थेंब गोठण्याच्या तयारीत, तरीही न गोठलेले असतात. त्यांना गोठवतो तो हवेतला एखादा विशिष्ट धूलिकण. त्याला हिमकेंद्रक म्हणतात.

या हिमकेंद्रकांची मोजणी कशी झाली, कशी चुकली आणि कशामुळे चुकली, याविषयी हा लेख आहे. आमचा धंदा साहित्य वाचण्याचा आणि शिकवण्याचा. ढगांच्या भौतिकीशी आमचा संबंध वाचकापुरताच. तरीही हा इतिहास इथे मांडावासा वाटला, कारण पुराव्याच्या स्वरूपाविषयी तो काही विलक्षण सांगतो. हिमकेंद्रक दिसण्यावरून ओळखता येत नाही. हवेतला अमुक कण हिमकेंद्रक आहे की नाही हे त्याचा आकार, रंग वा वजन पाहून सांगता येत नाही. त्याच्याभोवती बर्फ धरला तर तो हिमकेंद्रक, न धरला तर नुसती धूळ. म्हणजे तो ओळखला जातो केवळ कृतीवरून, आणि ती कृती घडते आपण बांधलेल्या पेटीत, आपण ठरवलेल्या तापमानाला. आपण मोजतो ते हवेला की पेटीला, हा प्रश्न या शास्त्राच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून लागलेला आहे.

प्रथम प्रमाण सांगितले पाहिजे. पाण्याचा थेंब धरायलाही कण लागतोच, आणि ते कण मोजण्याचे यंत्र स्कॉटलंडच्या जॉन एटकनने १८८८-८९ च्या सुमारास बनवले होते. बंद डबीतली दमट हवा एकदम प्रसरण पावू द्यायची, प्रत्येक धूलिकणावर थेंब धरतो, ते थेंब आखलेल्या पट्टीवर पडतात आणि भिंगातून मोजले जातात. शहरी हवेत असे कण एका घनसेंटिमीटरमध्ये लाखाच्या घरात सापडू शकतात. हिमकेंद्रकांची गोष्ट वेगळी. नेव्हिल फ्लेचर या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने १९६२ साली पर्जन्यमेघांवरच्या आपल्या ग्रंथात जे ढोबळ सूत्र दिले, त्यानुसार उणे २० अंशांना साधारण एक लिटर हवेत एक हिमकेंद्रक कार्यरत होते, आणि तापमान चार अंशांनी खाली गेले की ही संख्या दहापट होते. (हेच फ्लेचर पुढे वाद्यांच्या भौतिकीवरचे मोठे अधिकारी झाले, बासरीवर त्यांनी बरेच लिहिले आहे. असो.) लिटरभर हवेत इतर कण लाखांनी असतात. म्हणजे दशलक्षात एखादा, तोही विशिष्ट थंडीतच ओळख देणारा, असा हा कण शोधायचा.

मराठीत या सगळ्या उद्योगाला आपण 'मेघबीजन' म्हणतो आणि या कणांना सर्रास 'बीज' म्हणून मोकळे होतो. शब्द सुंदर आहे, पण दिशाभूल करणारा आहे. बीजात झाड असते. धूलिकणात बर्फ नसतो. तो कण बर्फाचा होत नाही, बर्फाला जन्मही देत नाही. त्याच्या पृष्ठभागावर कुठेतरी अशी एखादी जागा असते की तिथे पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत बसणे सोपे जाते, इतकेच. म्हणून आम्ही इथे 'केंद्रक' हा जरा कोरडा शब्दच वापरणार आहोत. या भेदाचा संबंध पुढे एका कादंबरीशी येईल.

या कणांचे महत्त्व लक्षात आले ते जर्मन आणि स्कँडिनेव्हियन संशोधकांमुळे. खंड सरकतात हा सिद्धान्त मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरने १९११ साली वातावरणाच्या उष्मागतिकीवरच्या पुस्तकात सुचवले होते की, अतिशीत थेंब आणि हिमस्फटिक एकत्र आले की स्फटिक थेंबांच्या जिवावर वाढतात, कारण त्याच तापमानाला बर्फावरचा बाष्पदाब पाण्यावरच्या दाबापेक्षा कमी असतो. उणे दहा अंशांना हा फरक जवळजवळ दहा टक्के भरतो. हवेतले बाष्प स्फटिकावर जाऊन बसते, ती तूट भरायला थेंब विरत जातात. याचा पावसाशी संबंध जोडला टोर बर्जेरॉन या स्वीडिश शास्त्रज्ञाने. १९२२ मध्ये ऑस्लोजवळच्या वोक्सेनकोलेन टेकडीवर तो मुक्कामाला असताना देवदारांच्या रानातल्या वाटेने फिरायला जाई, आणि टेकडीवर बहुधा धुके असे. हवा शून्याच्या वर असली की धुके झाडांतून थेट जमिनीपर्यंत उतरलेले दिसे. पाच-दहा अंश शून्याखाली गेली की मात्र धुके वरच अडे आणि वाट मोकळी दिसे. त्याने अर्थ लावला तो असा: फांद्यांवर धरलेला बर्फ धुक्यातले पाणी ओढून घेतो आहे. एका रानात हे होत असेल, तर ढगात थोडेसे स्फटिक सापडले की तेच होईल. थोडे स्फटिक सगळे पाणी ओढतील, जड होतील आणि पडतील. खाली येताना वितळले तर पाऊस. हा विचार त्याने १९३३ साली जाहीरपणे मांडला. वाल्टर फिंडायसेनने १९३८ मध्ये त्याला भक्कम रूप दिले आणि हिमकेंद्रके मोजण्यासाठी मेघकक्षही उभारला. १९४५ साली युद्ध संपताना फिंडायसेन प्रागमध्ये बेपत्ता झाला.

पुढची घटना प्रसिद्ध आहे आणि तिच्यात थोडी गंमतही आहे. अमेरिकेत स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत नोबेल विजेते आयर्विंग लँगमूर यांच्या हाताखाली व्हिन्सेंट शेफर नावाचा माणूस होता. त्याचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले, हात मात्र कारागिराचे. त्याने घरगुती वापराचा एक फ्रीझर घेतला आणि आतून काळे मखमली कापड लावले. थंड हवा जड असल्याने वरून उघड्या पेटीतही खाली साचून राहते. शेफर पेटीत तोंडाने वाफ सोडी, तिचा ढग होई, प्रकाशाचा झोत टाकला की तो काळ्या पार्श्वभूमीवर दिसे. त्यात तो नाना प्रकारच्या भुकट्या टाकून पाही. फारसे काही घडत नसे. जुलै १९४६ मध्ये एका उकाड्याच्या दिवशी पेटी पुरेशी गार वाटेना, म्हणून त्याने तिच्यात शुष्क बर्फाचा, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइडचा तुकडा ठेवला. क्षणात पेटी चमचमणाऱ्या स्फटिकांनी भरून गेली. शुष्क बर्फाने त्याच्या भोवतालची हवा इतकी थंड केली होती की थेंबांना कसल्याच आधाराची गरज उरली नाही. केंद्रकांच्या शोधात निघालेल्या माणसाला पहिले मोठे यश मिळाले ते केंद्रकाशिवाय! १३ नोव्हेंबर १९४६ रोजी त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेलॉक डोंगराजवळच्या एका ढगावर विमानातून शुष्क बर्फ टाकला आणि ढगाखाली हिमाच्या शलाका लोंबताना दिसल्या.

दुसऱ्याच दिवशी त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगटने खरे केंद्रक शोधून काढले. त्याने स्फटिकरचनेचे तक्ते चाळले आणि बर्फाच्या जाळीशी जुळणारी जाळी कोणत्या पदार्थाची आहे ते पाहिले. सिल्व्हर आयोडाइडचे नाव निघाले. पहिला नमुना भेसळीचा निघाल्याने फसला होता. शुद्ध धूर करून सोडला तेव्हा फ्रीझरमधला ढग हिमाचा झाला. पुस्तक वाचून सापडलेले हे केंद्रक पुढे जगभरच्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगांत वापरले गेले.

बर्नार्डचा धाकटा भाऊ कर्ट १९४७ पासून काही वर्षे याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होता. त्याची 'कॅट्स क्रेडल' ही कादंबरी १९६३ ची. तिच्यातला 'आइस-नाइन' हा पदार्थ म्हणजे घरच्या तापमानालाही घन राहणारे पाणी. त्याचा कण पाण्याला लागला की पाणी त्याच्यासारखे होत जाते, आणि पाहता पाहता समुद्र गोठतात. या कल्पनेचे मूळ लँगमूरपाशी आहे, असे कर्टने स्वतः सांगितले आहे. एच. जी. वेल्स कंपनीला भेट द्यायला आले होते तेव्हा लँगमूरने ती त्यांना कथाबीज म्हणून दिली. वेल्सने ती वापरली नाही. विद्यार्थ्यांना ही कादंबरी शिकवताना मेघबीजनाचा उल्लेख टीपेपुरता होतो. पण एक भेद सुटतो, तो वर म्हटलेला. आइस-नाइन हे खरेखुरे बीज आहे: पदार्थ स्वतःसारखाच पदार्थ निपजवतो, आणि म्हणून एक कण पुरतो. बर्नार्डचे केंद्रक असे नव्हते. त्याचा एक कण फार तर एका थेंबाला गोठवी. कादंबरीत मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्यातली भीती मोजणी संपल्यानंतरची आहे. प्रत्यक्षात मात्र ढगात किती कण आहेत आणि आपण किती घातले, यावाचून दुसरा प्रश्नच नव्हता.

कृत्रिम केंद्रके ढगात टाकायची तर तिथे मुळात किती आहेत हे ठाऊक हवे. शेफरचा फ्रीझर हेच पहिले मापयंत्र झाले. बाहेरची हवा पेटीत घ्यायची, ढग करायचा, आणि प्रकाशझोतात किती ठिणग्या चमकतात ते डोळ्यांनी मोजायचे. शेफरने माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावरच्या वेधशाळेत १९४८ पासून अशी मोजणी सुरू करवली. आकडे एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत प्रचंड खालीवर होत. हवा बदलत होती, की पाहणाऱ्याचा डोळा थकत होता? चमकणारी ठिणगी एक की दोन, हे सांगणे सोपे नसते. शिवाय पेटीच्या भिंतींवर बर्फ धरतो, त्याचे कपचे सुटून ढगात पडतात आणि तेही स्फटिक म्हणून मोजले जातात. म्हणून भिंतींना ग्लिसरीन फासायची पद्धत पडली.

सिडनीतल्या ई. के. बिग यांनी यावर जो उपाय काढला तो स्वयंपाकघरातला वाटावा असा होता. पेटीच्या तळाशी साखरेचा पाक भरलेले पसरट ताट ठेवायचे. पाकही शून्याखाली गेलेला, पण न गोठलेला. ढगातून सूक्ष्म हिमस्फटिक पाकात पडला की तो तिथे वाढू लागतो आणि थोड्याच वेळात साध्या डोळ्यांना दिसेल एवढा होतो. थेंब पडला तर काहीच होत नाही. ताटातले पांढरे ठिपके मोजा, उत्तर मिळाले. हे उपकरण स्वस्त होते, हलके होते आणि विमानात नेता येत होते. पण ते जन्मले एका वादाच्या छायेत.

सिडनीत सी. एस. आय. आर. ओ. या संस्थेच्या रेडिओभौतिकी विभागाचे प्रमुख होते एडवर्ड जॉर्ज बोवेन. मूळचे वेल्सचे, विमानातल्या रडारच्या निर्मात्यांपैकी एक. १९४० मध्ये ब्रिटनची गुप्त तांत्रिक सामग्री घेऊन अमेरिकेस गेलेल्या टिझर्ड मंडळात ते होते. पुढे पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीमागेही त्यांचा मोठा हात राहिला. त्यांच्याच विभागाने फेब्रुवारी १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियात शुष्क बर्फ टाकून ढगातून पाऊस पाडला होता. हा माणूस भोंदू नव्हता, हौशीही नव्हता. हे आधी सांगणे आवश्यक आहे.

पावसाच्या जुन्या नोंदी चाळताना बोवेनना असे दिसले की वर्षातल्या काही ठरावीक तारखांना पाऊस सरासरीपेक्षा जास्त पडतो. १२ जानेवारी, २२ जानेवारी, १ फेब्रुवारी. सिडनीपुरते नव्हे, तर जगातल्या इतर अनेक ठिकाणच्या नोंदींतही. हवामान तारखा पाळत नाही. तारखा पाळते ती पृथ्वी, सूर्याभोवती फिरताना. दरवर्षी त्याच दिवशी ती उल्कांच्या त्याच प्रवाहातून जाते. डिसेंबरच्या १३-१४ ला मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव, २२ डिसेंबरच्या आसपास दुसरा, ३ जानेवारीच्या सुमारास तिसरा. प्रत्येकात सुमारे ३० दिवस मिळवले की पावसाच्या तारखा जुळतात! १९५३ साली बोवेननी मांडले की उल्कांची सूक्ष्म धूळ महिनाभरात खाली उतरत ढगांपर्यंत पोचते आणि हिमकेंद्रक म्हणून काम करते. आकाशातून पडणाऱ्या ताऱ्यांनी पाऊस पाडावा, यापेक्षा मोहक कल्पना कोणती असेल?

आपल्या वाचकांना इथे वराहमिहिर आठवला तर नवल नाही. 'बृहत्संहिते'त मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे दिली आहेत आणि गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस पडतो असे म्हटले आहे. दोहोंत काही ऐतिहासिक नाते नाही, आणि आम्हाला ते जोडायचेही नाही. पण पाऊस ही आधी कुठेतरी, आधी केव्हातरी ठरून गेलेली गोष्ट आहे आणि दिवस मोजले की ती सापडेल, ही ओढ दोन्हींत एकच आहे.

आता सिद्धान्त तपासायचा तर जानेवारीत हिमकेंद्रके मोजायला हवीत. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आणि ऑस्ट्रेलियाबाहेरही जानेवारीच्या मोजण्या झाल्या. काही ठिकाणी, काही वर्षी, अपेक्षित तारखांच्या आसपास आकडे चढलेले आढळले. इतरत्र आढळले नाहीत. बोवेनना चढ दिसत होते, टीकाकारांना विखुरलेले ठिपके. आक्षेप गंभीर होते. उल्काधूळ एकाच आकाराची नसते. मोठे कण लवकर पडतील, लहान उशिरा, मग महिन्यानंतर त्यांची तारीख इतकी टोकदार कशी राहील? पावसाच्या नोंदीत एखाद्या दिवसाची सरासरी दोन-चार अतिवृष्टींनी फुगलेली असू शकते. आणि लंडनमध्ये बी. जे. मेसन यांनी निरनिराळ्या खनिजांच्या भुकट्या तपासल्या, तेव्हा केओलिनाइटसारखी साधी चिकणमाती उणे नऊ अंशांच्या आसपास बर्फ धरू लागली. उल्कापाषाणांची भुकटी तिच्यापुढे निष्प्रभ ठरली. ताऱ्यांची धूळ हरली, शेतातली माती जिंकली.

यात एक गोष्ट आम्हाला विशेष लक्षणीय वाटते. पाकाच्या ताटातले ठिपके मोजणाऱ्याला त्या दिवशीची तारीख ठाऊक होती. अप्रामाणिकपणाचा आरोप कुणीही करू नये, आम्हीही करत नाही. पण पेटीचे तापमान अंशभर खाली गेले तरी आकडा जवळजवळ दुप्पट होतो. असे निसरडे माप हाती असताना १२ जानेवारीला आकडा चढला तर त्याला सिद्धान्ताचा पुरावा म्हणण्याचा मोह होणार, आणि १५ तारखेला चढला तर पेटी पुन्हा तपासून पाहण्याचा. अपेक्षा अशीच काम करते. एखाद्या कवीच्या चरित्रातली घटना ठाऊक असलेला वाचक त्या वर्षीच्या कवितांत तिची सावली शोधतो आणि सापडतेही. आमच्या क्षेत्रातला हा रोजचा अनुभव आहे.

वाद इथे थांबला नाही. सप्टेंबर १९६२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. अमेरिकेतल्या तिघांचा एक, आणि ॲडर्ली व बोवेन यांचा दुसरा. दोहोंत पावसाचा चंद्राच्या कलांशी संबंध दाखवला होता. ऑस्ट्रेलियनांनी आपला निष्कर्ष उपहासाच्या भीतीने दाबून ठेवला होता, तो अमेरिकनांचे ऐकून बाहेर काढला. पुढल्याच वर्षी बिग यांनी हिमकेंद्रकांच्या आकड्यांतही चांद्र परिणाम दाखवला. उल्का-सिद्धान्ताचे खंडन असे एका दिवशी झाले नाही; लोकांनी हळूहळू त्याची चर्चा थांबवली.

त्याचा एक परिणाम मात्र टिकाऊ झाला. निरनिराळ्या देशांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याची गरज सर्वांना पटली. १९६७ साली फ्रान्समध्ये पिरेनीजच्या पायथ्याच्या लानमेझान इथे पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. सगळ्यांनी आपापल्या पेट्या आणल्या आणि तीच हवा मोजली. आकडे जुळले नाहीत. फरक टक्क्यांचा नव्हता, पटींचा होता. १९७० मध्ये फोर्ट कॉलिन्स, १९७५ मध्ये लॅरमी. पेट्या सुधारल्या, मतभेद उरले.

मतभेदांची कारणे समजत गेली तशी ती अधिकच अस्वस्थ करणारी ठरली. गाळणीकागदाची पद्धत घ्या. हवा बारीक छिद्रांच्या पडद्यातून ओढायची, पडद्यावर कण अडकतात, मग तो थंड पेटीत ठेवून त्यावर उगवणारे स्फटिक मोजायचे. यात दुप्पट हवा ओढली तरी दुप्पट स्फटिक मिळत नसत, कारण पडद्यावरचे कण बाष्पासाठी एकमेकांशी झगडत आणि शेजारचे मिठाचे कण ओलावा खाऊन टाकत. शिवाय 'गोठवणे' ही एकच क्रिया नव्हे, हेही उमगले. कणावर बाष्पातून थेट बर्फ धरू शकतो. कण थेंबाच्या आत बुडालेला असताना त्याला गोठवू शकतो. बाहेरून येऊन थेंबाला नुसता स्पर्श करूनही गोठवू शकतो. एका वाटेने निकामी असलेला कण दुसऱ्या वाटेने कामाचा. प्रत्येक पेटी यांतली एखादीच वाट उघडी ठेवी आणि मिळालेल्या संख्येला हवेतली हिमकेंद्रके असे एकच नाव देई. सगळ्यांचे शब्द एक होते, अर्थ निरनिराळे.

त्याच सुमारास ढगांतून विमाने नेणाऱ्यांनी वेगळेच कोडे घातले. ढगात प्रत्यक्ष सापडणारे हिमस्फटिक मोजलेल्या केंद्रकांच्या हजारपट, काही ढगांत दहा हजारपट निघत होते. दोष अर्थातच पेट्यांना दिला गेला. यावेळी पेट्या बऱ्याच अंशी निर्दोष होत्या. १९७४ साली जॉन हॅलेट आणि स्टॅन्ली मॉसप यांनी सिडनीत दाखवले की उणे तीन ते उणे आठ अंशांच्या पट्ट्यात अतिशीत थेंब बर्फावर आपटून गोठताना बारीक कपचे उडतात. एक मिलिग्रॅम थरामागे सुमारे ३५० कपचे, तेही उणे पाच अंशांच्या आसपास सर्वाधिक. म्हणजे पहिला स्फटिक केंद्रकावर जन्मला तरी पुढचे केंद्रकावाचून वाढत जातात. कर्ट व्हॉनेगटच्या आइस-नाइनची एक अगदी सौम्य आवृत्ती ढगात खरोखरच होती!

लॅरमीनंतरची कार्यशाळा भरली ती २००७ मध्ये, जर्मनीत कार्ल्सरूए इथे. मधे ३२ वर्षे गेली. मेघबीजनाची आश्वासने फोल ठरत गेली तसा पैसा आटला, आणि पैशाबरोबर कुतूहलही. विषय पुन्हा जागा झाला तो पावसासाठी नव्हे, तर हवामानबदलाच्या प्रतिमानांना ढगातल्या बर्फाचा हिशेब लागू लागला म्हणून.

दरम्यान हा कण मुळात असतो कशाचा, या प्रश्नाचेही उत्तर फिरत राहिले. जपानमध्ये होक्काइदोला उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली सशाच्या केसाच्या टोकावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला होता. हे नाकाया जपानी वाचकांना निबंधकार म्हणूनही प्रिय आहेत. 'युकी' म्हणजे 'हिम' हे त्यांचे १९३८ चे पुस्तक आहे. होक्काइदोच्याच मोतोइ कुमाई यांनी १९५१ मध्ये हिमस्फटिकांच्या मध्यभागी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले आणि तिथे बहुतांशी मातीचे खनिजकण सापडले. अनेक दशके चिकणमाती हेच उत्तर राहिले. १९७४ मध्ये वायोमिंगच्या लेरॉय माकी आणि सहकाऱ्यांनी कुजक्या पानांतून मिळालेला एक जिवाणू उणे दोन अंशांच्या जवळपास पाणी गोठवतो असे दाखवले; कोणत्याही खनिजाला हे जमत नाही. मग २०१३ साली लीड्स विद्यापीठातल्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवले की वाळवंटी धुळीत चिकणमातीचे वजन जास्त असले तरी बर्फ धरण्याचे काम मुख्यतः पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार करतो. स्फटिकाच्या मध्यभागी जो सापडला तोच कारण, हा निष्कर्ष इतका सरळ नव्हता.

आपल्याकडे हा विषय पोचला तो पावसाच्या गरजेतून. १९५१ मध्ये टाटांनी सह्याद्रीच्या परिसरात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला होता. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात पद्धतशीर प्रयोग केले, ते मात्र मिठाने. कारण साधे आहे. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाचेक किलोमीटर उंचीवर असते, आणि ज्या ढगाचे डोके तिच्या खालीच आहे त्यात हिमकेंद्रक कितीही घाला, ते निरुद्योगीच राहणार. २००९ पासून याच संस्थेने विमानांतून आपल्या ढगांची मोजणी हाती घेतली आहे. २०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यात त्या वेळच्या औरंगाबादेहून विमाने उडाली, तेव्हा किती नळकांडी जाळली याचे आकडे वर्तमानपत्रांत रोज येत. त्या ढगात मुळात किती केंद्रके होती, हा आकडा आमच्या वाचनात आला नाही. ज्या शेतकऱ्याचे डोळे त्या विमानाकडे लागले होते, त्याला हा प्रश्न विचारायला सुचण्याचे कारण नव्हते. विचारायला हवा होता तो इतरांनी.

पाचवी कार्यशाळा २०१४-१५ मध्ये टप्प्याटप्प्याने झाली. कार्ल्सरूएच्या ८४ घनमीटरच्या प्रचंड पात्रात ओळखीची धूळ सोडून वीसएक उपकरणांनी ती मोजली. पुष्कळ ठिकाणी आकडे एकमेकांच्या जवळ आले, पण काही तापमानांना, काही धुळींसाठी दहापटीचा आणि त्याहून मोठा फरक उरलाच. आता तर काही मिनिटांनी आपोआप मोजणी करणारी उपकरणे निघाली आहेत. त्यांना तारखेचे ज्ञान नसते.

बिग यांची एक कामगिरी शेवटी सांगायची राहिली. बोवेनचा वाद मावळल्यावर, १९७० च्या आगेमागे, त्यांनी जहाजांवर गाळणीकागद देऊन ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या महासागरावरची हिमकेंद्रके मोजवून घेतली आणि १९७३ साली त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढली चाळीसएक वर्षे त्या समुद्राविषयी बोलताना सगळे तोच नकाशा वापरत. तो समुद्र महत्त्वाचा आहे. तिथल्या ढगांत केंद्रके कमी असतील तर ढग अतिशीत पाण्याचे राहतात, अधिक ऊन परतवतात आणि पृथ्वीच्या तापमानाचा हिशेब बदलतो. २०१६ मध्ये संशोधक पुन्हा जहाज घेऊन तिथे गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे बिग यांच्या आकड्यांपेक्षा शंभरपटीपर्यंत कमी होते. समुद्र बदलला, की १९७० च्या आसपासचे गाळणीकागद दुसरेच काही मोजत होते, हे ठरवायचे तर त्या काळची हवा हवी.